कळसूबाई : एका दिवसाच्या चढाईची आखणी

सहल म्हटली की डबे, गाणी आणि फोटो एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. आखणी परीक्षेची करावी, लग्नकार्याची करावी. सहलीला काय, उठावे आणि निघावे! गेल्या वर्षापर्यंत माझेही मत याहून निराळे नव्हते. ते मत कसे बदलले, आणि यंदा डिसेंबरात आम्ही चौदाजण महाराष्ट्रातल्या सर्वांत उंच शिखरावर जाऊन ठरल्या वेळी घरी कसे परतलो, ते या लेखात सांगायचे आहे. पुढच्या वर्षी जे विद्यार्थी जातील त्यांच्या हाती एक तयार कागद असावा, एवढाच हेतू.

कळसूबाईच का?

याचे मूळ वर्गातल्या एका चित्रात आहे. भूरूपशास्त्रात हिमनदीचे कार्य शिकवताना सरांनी नॉर्वेतल्या फियॉर्डचे चित्र दाखवले. हिमनद्यांनी हजारो वर्षे डोंगर खरवडले, खोल दऱ्या कोरल्या. पुढे बर्फ वितळले, समुद्राची पातळी वाढली आणि खारे पाणी त्या दऱ्यांतून आत शिरले. तेच फियॉर्ड. सोग्नेफियॉर्ड नावाचा त्यांचा सर्वांत लांब फियॉर्ड दोनशे किलोमीटरांहून अधिक आत गेला आहे आणि काही ठिकाणी १,३०० मीटरांहून खोल आहे. लीसेफियॉर्ड नावाच्या दुसऱ्या एकावर प्रेकेस्तोलेन हा सपाट माथ्याचा कडा पाण्यापासून ६०४ मीटर उंच उभा आहे. लोक सकाळी चढतात, कड्यावर बसून पाणी पाहतात आणि संध्याकाळी घरी जातात.

मी विचारले, "सर, आपल्याकडे असं कुठं दिसतं?" सर म्हणाले, "हिमनदीने कोरलेली दरी सह्याद्रीत नाही. आपला डोंगर लाव्हारसाचा. थरावर थर साचले आणि पुढे पावसाने, नद्यांनी ते चिरले. पण डोंगरांच्या कुशीत शिरलेलं पाणी वरून पाहायचं असेल, तर कळसूबाईवर जा आणि दक्षिणेकडे बघ. खाली भंडारदऱ्याचं पाणी दिसेल."

दोहोंतला फरक नीट ध्यानात ठेवावा. आपला बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्यात प्रवरा नदीने दरी केली. त्या दरीच्या तोंडाशी इंग्रजांनी १९१० साली धरण बांधायला घेतले आणि १९२६ साली ते पुरे केले. तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या नावाने त्याला विल्सन धरण म्हणू लागले. तिकडे दरी बर्फाने कोरली आणि समुद्राने भरली. इकडे नदीने कोरली आणि माणसाने पावसाच्या पाण्याने भरली. पण वरून पाहणाऱ्याला दोन्हीकडे दिसते ते एकच : बुडालेली दरी आणि डोंगराच्या सोंडांमधून आत घुसलेले पाण्याचे हात.

मी राहते जालन्याच्या एमआयडीसीच्या कडेला. आमच्या क्षितिजावर डोंगर नाहीत, गिरण्यांच्या चिमण्या आहेत. लोखंडाच्या सळ्या करणाऱ्या रोलिंग मिलमध्ये माझे वडील कामाला आहेत. आमच्या वस्तीत नळाला पाणी आठ-आठ दिवसांनी येते आणि ते आले की घरातली परात, पातेली, बादल्या सगळी भांडी अंगणात रांगेने उभी राहतात. २०१२-१३ च्या दुष्काळात टँकरमागे धावताना माझ्या आईचा पाय मुरगळला होता, तो अजून थंडीत दुखतो. अशा घरातल्या मुलीला दरीभर पाणी पाहायची ओढ का लागली, हे जालनेकरांना समजावून सांगायला नको.

पहिला प्रयत्न कसा फसला

गेल्या वर्षी ऑक्टोबरात आम्ही नऊजण उठलो आणि निघालो. रात्रीच्या गाडीने पहाटे इगतपुरीला उतरलो. पुढे काय, हे कुणालाच ठाऊक नव्हते. एस.टी.ची वाट पाहण्यात दोन तास गेले, घोटीला नाश्त्यात एक तास गेला. पायथ्याच्या बारी गावात पोचलो तेव्हा अकरा वाजले होते. ऑक्टोबरचे ऊन डोक्यावर, आणि प्रत्येकाजवळ पाण्याची एक-एक बाटली. तीही पहिल्या शिडीच्या आत संपली. माझ्या पायात त्याच आठवड्यात घेतलेले नवे बूट होते. टाचांना फोड आले. दुसऱ्या शिडीखाली मला अंधारी आली आणि मी खाली बसले. तासभर बसून, दुसऱ्यांच्या बाटलीतले घोट मागून पिऊन आम्ही उतरलो. शिखर कुणीच पाहिले नाही. संध्याकाळची परतीची गाडी चुकली ती चुकलीच. मोबाईलची बॅटरी फोटो काढण्यात संपलेली. जालन्याला उतरलो तेव्हा दुसरा दिवस उजाडला होता.

बाबा स्टेशनवर उभे होते. ते मध्यरात्रीपासून तेथे होते आणि सकाळच्या पाळीला खाडा झाला होता. ते रागावले नाहीत. रिक्षात बसल्यावर एवढेच म्हणाले, "आता बास."

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. माझ्या 'बास'चा अर्थ एका सहलीपुरता नसतो. शेजारपाजारी बोलतात, आत्या-मामा बोलतात आणि मग माझ्यामागून येणाऱ्या धाकट्या बहिणीच्या वाटेवरही कुंपण पडते. म्हणून यंदा भूगोल विभागाची सहल ठरू लागली तेव्हा मी आधी बाबांकडे गेले. ते म्हणाले, "कागदावर लिहून आन. कुठं, कवा, कसं, समदं. मंग बघू."

ते चौथी शिकलेले. मी लिहिलेला कागद मीच त्यांना वाचून दाखवला आणि त्यांनी त्यात दुरुस्त्या सांगितल्या. पुढील आखणी त्या दुरुस्त्यांसह आहे.

ऋतू आणि वार

कळसूबाईची उंची १,६४६ मीटर, म्हणजे सुमारे ५,४०० फूट. आपले जालना समुद्रसपाटीपासून साधारण ५०० मीटरांवर आहे. दर हजार मीटर उंचीला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते, हे आपण पाठ केलेले असते. त्याचा उपयोग येथे करावा. शिखर आपल्याहून साधारण ११५० मीटर उंच, म्हणजे तेथे हवा सात-साडेसात अंशांनी थंड. डिसेंबरातल्या पहाटे जालन्यात बारा अंश असतील तर वर पाचाच्या आसपास धरून चालावे, शिवाय वारा वेगळा.

पावसाळ्यात डोंगर हिरवागार असतो; पण धुक्यात दहा हातांवरचे दिसत नाही आणि लोखंडी शिड्या निसरड्या होतात. ज्यांना पाणी पाहायचे आहे त्यांनी पावसाळा सोडावा. मार्चनंतर ऊन जाळते आणि धरणही उतरू लागते. नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ उत्तम : हवा स्वच्छ, धरणात साठा, ऊन सोसेल असे. शनिवार-रविवारी मुंबई, पुणे, नाशिकचे लोक येतात आणि शिड्यांपाशी रांग लागते. रांगेत उभे राहण्यात गेलेला वेळ आखणीत कुणीच धरत नाही. म्हणून आम्ही रविवारी रात्री निघालो, सोमवारी चढलो आणि मंगळवारी सकाळी घरी आलो. सोमवारचे तास बुडाले. त्याबद्दल प्राध्यापकांची आधी परवानगी घेतली होती.

जाणे-येणे

जालन्याहून बारी अडीचशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. 'एका दिवसाची चढाई' म्हणताना तिच्या दोन्ही बाजूंना एकेक रात्र जोडावी लागते. रात्री मुंबईकडे जाणारी देवगिरी एक्सप्रेस पहाटेच्या अंधारात इगतपुरीला सोडते आणि परतीची देवगिरी रात्री उशिरा इगतपुरीला मिळते. गाड्यांच्या वेळा बदलत असतात, म्हणून आरक्षण करतानाच त्या पुन्हा पाहून घ्याव्यात. आरक्षण दोन्ही बाजूंचे हवे. रात्रभर दारात बसून आलेला मनुष्य सकाळी चढू शकत नाही, हा अनुभव आम्ही एकदा घेतला आहे.

इगतपुरीहून घोटीमार्गे बारी तासाभराच्या रस्त्यावर आहे. घोटीहून भंडारदरा-राजूरकडे एस.टी. जाते, शेअर जीपही मिळतात. पण पहाटे त्यांच्यावर भिस्त ठेवू नये. यंदा आम्ही दोन जीप आधी फोनवर ठरवल्या होत्या. माणशी खर्च वाढला. तो पाहून बाबा म्हणाले, "पैशे वाचवायला गेलीस तं येळ जातो, आन् येळ गेला की माणूस पळतो." ही त्यांची पहिली दुरुस्ती होती.

घड्याळाचा हिशेब

चढायला किती वेळ लागेल, हे ठरवण्याचा एक जुना आणि सोपा नियम आहे. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने तो १८९२ साली सांगितला. सपाटीवरच्या दर पाच किलोमीटरांना एक तास धरावा आणि दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास. बारीपासून शिखरापर्यंतची वाट साधारण साडेसहा किलोमीटर आणि चढ साधारण सव्वाआठशे मीटर. वाटेचा सव्वा तास, चढाचा आणखी सव्वा तासाहून थोडा अधिक. बेरीज पावणेतीन तासांच्या आत. पण हा हिशेब डोंगर अंगवळणी पडलेल्या माणसाचा आणि न थांबता चालण्याचा. आमच्यासारख्या सपाटीवरच्या मुलांनी त्यात विश्रांतीसाठी आणि शिड्यांसाठी पाऊण तास वाढवावा. साडेतीन तास ही वाजवी आकडेमोड. उतरायला तीन तास ठेवावेत. उतारावर गुडघे थकतात आणि पाय तेथेच मुरगळतात, त्यामुळे घाई चढण्यापेक्षा उतरण्यात जास्त महागात पडते.

डिसेंबरात तिकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. हाती अकरा तासांचा उजेड. मी कागदावर लिहिले होते : सात वाजता निघणे, साडेदहाला शिखर, तेथे एक तास, अडीचला बारी. बाबांनी ऐकून घेतले आणि विचारले, "आन् साडेधाला नाही पोचलात तं?"

मी म्हणाले, "मग अकराला पोचू."

"अकराला नाही तं?"

मी गप्प झाले. तेव्हा त्यांनी सांगितले, "मिलमधी पाळी सुटायची येळ आधी ठरती, काम मागून. तू पोचायची येळ लिव्हलीस. परत फिरायची लिव्ह."

ही दुसरी दुरुस्ती, आणि माझ्या मते संपूर्ण आखणीतली सर्वांत महत्त्वाची. आम्ही लिहिले : साडेअकरा वाजता जो जेथे असेल तेथून तो मागे फिरेल, शिखर हाताच्या अंतरावर असले तरी. नंतर वाचनात आले की नॉर्वेत डोंगरात जाणाऱ्यांसाठी नऊ नियम केलेले आहेत आणि त्यांतही हेच सांगितले आहे, की वेळीच परत फिरा, त्यात लाज नाही. फियॉर्डच्या देशातले नियम आणि आमच्या रोलिंग मिलमधला नियम एकच निघाला, याचे मला फार नवल वाटले.

अडीचनंतरचा वेळ आम्ही मुद्दाम मोकळा सोडला. काही बिघडले तर तो खर्ची पडेल, न बिघडले तर धरण जवळून पाहता येईल, असा विचार होता.

पाणी, सामान, माणसे

तिसरी दुरुस्ती पाण्याची. बाबा भट्टीच्या तोंडाशी काम करतात. त्यांचे म्हणणे असे : "तहान लागल्यावर पाणी पेलं तं उशीर झाला म्हून समज. न लागता पीत ऱ्हायचं, घोट घोट." चालताना तासाला साधारण अर्धा लिटर पाणी लागते. सात तासांचे साडेतीन लिटर होतात, म्हणजे पाठीवर साडेतीन किलो वजन. जड वाटते, पण ते तासातासाला हलके होत जाते. शिखराच्या थोडे खाली एक विहीर आहे आणि वाटेत गावकरी लिंबूपाणी विकायला बसतात. पण सोमवारी कुणी बसलेले असेलच असे नाही. जे नक्की नाही ते हिशेबात धरू नये. घामावाटे मीठ जाते, म्हणून मीठ-साखरेची पुडी जवळ ठेवावी. आम्ही शेंगदाणा-गुळाचे लाडू, चपाती-चटणी आणि खजूर घेतले होते. तेलकट, तिखट पदार्थ तहान वाढवतात. ते परतीच्या गाडीसाठी ठेवावेत.

बूट जुने, पायात रुळलेले असावेत. पाठीवरची पिशवी दोन्ही खांद्यांना अडकणारी हवी, कारण शिडीवर दोन्ही हात मोकळे लागतात. ओढणी कमरेला घट्ट बांधावी. कानटोपी, टॉर्च, चिकटपट्टी, मुरगळलेल्या पायाला गुंडाळायची लवचीक पट्टी, आणि एक मोबाईल बंद करून ठेवलेला, एवढे सामान गटासाठी पुरे. मुलींच्या सोयीचा प्रश्न सहसा कुणी बोलत नाही; पण आखणीत तो घ्यावाच लागतो. आम्ही बारीतल्या एका घरी आधीच सांगून ठेवले होते. सकाळी तेथे थांबलो आणि दुपारचे पिठले-भाकरीचे जेवणही तेथेच केले.

चौदाजणांच्या सात जोड्या पाडल्या. कुणीही एकटे पुढे जायचे नाही, एकटे मागे राहायचे नाही. सर्वांत सावकाश चालणारी जोडी पुढे आणि सर शेवटी. वेगवान मुलांना हे पटले नव्हते. पण पुढच्याची चाल मंद असली की सगळा गट एकत्र राहतो, आणि मागे पडलेल्याला आपण मागे पडलो असे वाटत नाही. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या या परिसरात कागद, प्लास्टिक काहीही टाकायचे नाही, हे वेगळे सांगायला नको.

प्रत्यक्ष दिवस

सात वाजून दहा मिनिटांनी आम्ही बारी सोडले. ओढा ओलांडला, शेतांच्या बांधांवरून गेलो आणि चढ सुरू झाला. शिड्या कातळात पक्क्या ठोकलेल्या आहेत. खाली न पाहता एका वेळी एकानेच चढावे. भीती वाटत नाही असे नाही, पण ती पायरीगणिक कमी होते. दुसऱ्या शिडीखालचा तो दगड मी ओळखला. यंदा मी त्यावर बसले ती फक्त पाणी प्यायला.

त्यापुढे माझ्या जोडीदारणीला धाप लागू लागली. तिची चाल मंदावली, म्हणून सगळ्यांचीच मंदावली. साडेदहा वाजले तेव्हा आम्ही विहिरीच्याही खाली होतो. कुणी काही बोलले नाही, पण प्रत्येकजण घड्याळ पाहत होता. शेवटच्या शिडीखाली अकरा वाजून पाच मिनिटे झाली. ती म्हणाली, "तुम्ही जा, मी मॅडमसोबत इथं थांबते." मॅडमनी तिला पाच मिनिटे बसवले, पाणी पाजले आणि विचारले, "आता?" ती उठली. सव्वाअकरा वाजता आम्ही चौदाही जण माथ्यावर होतो.

वाट्याला आलेली मिनिटे पंधरा. मी कागदावर एक तास लिहिला होता.

माथ्यावर कळसूबाईचे छोटे देऊळ आहे. नवरात्रात येथे यात्रा भरते. तिची आख्यायिका अशी : कळसू नावाची एक कोळ्याची मुलगी. तिला रानात हिंडायची आवड. ती पायथ्याच्या इंदोर गावी एका घरी कामाला राहिली. अट एकच, की भांडी घासायला आणि केर काढायला सांगायचे नाही. एके दिवशी तिला भांडी घासायला सांगितले गेले. तिने ती घासली आणि सरळ डोंगर चढून गेली, ती पुन्हा खाली आली नाही. भांडी घासल्याची जागाही लोक दाखवतात.

देवीला नमस्कार करून मी दक्षिणेकडे वळले. पाणी खाली होते. निळे म्हणावे तर हिरवे, आणि डोंगराच्या सोंडांमधून आत गेलेले त्याचे हात. एक हात रतनगडाकडे इतका लांब गेला होता की त्याचे टोक धुरकट झाले होते. त्यामागे हरिश्चंद्रगड, पश्चिमेला अलंग, मदन आणि कुलंग. चित्रातल्या फियॉर्डपेक्षा हे पुष्कळ लहान असणार, पण मला तुलना करावीशी वाटली नाही. सरांनी फक्त एक वाक्य सांगितले आणि आमचा सगळा गलका थांबला. ते म्हणाले, "हे पाणी तुमच्या नळाला येतं."

पाण्याची वाट

सरांनी हवेत बोटाने रेषा काढत सांगितले, ते मी घरी आल्यावर नकाशावर पडताळून पाहिले. प्रवरा रतनगडाच्या बाजूला उगम पावते. भंडारदऱ्यात तिचे सुमारे ११ टी.एम.सी. पाणी अडते. तेथून सुटलेले पाणी रंध्याच्या धबधब्यावरून निळवंडे धरणात, पुढे अकोले, संगमनेरवरून नेवासे तालुक्यात जाते आणि प्रवरासंगमाला गोदावरीत मिळते. तेथून ते जायकवाडीच्या नाथसागरात. या धरणाची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी केली आणि उद्घाटन १९७६ साली इंदिरा गांधींनी. नाथसागरातून जलवाहिनीने ते जालन्याला येते. निजामाच्या काळातला घाणेवाडीचा तलाव हा आपला दुसरा आधार. पण तो आपल्याच आभाळावर अवलंबून, आणि आपले आभाळ वर्षाला सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपासच पाणी देते.

भंडारदऱ्याचा प्रत्येक थेंब आपल्यापर्यंत येत नाही, हेही खरे. वाटेत अहिल्यानगर जिल्ह्यातली शेती आहे, कालवे आहेत, त्यांचाही हक्क आहे. तूट पडली की वरची आणि खालची धरणे यांच्यात तंटा उभा राहतो. २००५ सालच्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्याने खोऱ्यातल्या धरणांत तुटीचे समान वाटप करण्याचे तत्त्व आणले. त्यानुसार ऑक्टोबर २०२३ मध्ये नाशिक-नगरच्या धरणांतून जायकवाडीसाठी सुमारे ८.६ टी.एम.सी. पाणी सोडण्याचा आदेश निघाला, आणि त्यात प्रवरेच्या धरणांचाही वाटा होता. तेव्हा मी वर्तमानपत्रातली ती बातमी वाचली होती, पण 'टी.एम.सी.' म्हणजे एक अब्ज घनफूट, यापलीकडे डोळ्यांपुढे काहीच येत नव्हते. आता येते.

साडेअकराला सरांनी शिट्टी वाजवली. कुणी 'अजून पाच मिनिटे' म्हटले नाही. अडीचऐवजी पावणेतीनला आम्ही बारीत होतो. जेवताना मी घरच्या मावशींना म्हणाले, "तुमच्याकडे किती पाणी आहे!" त्या तवा उतरवत म्हणाल्या, "धरणात हाय. वैशाखात आमीबी डोक्यावर हंडेच आणतो." मला काय बोलावे ते सुचले नाही. वरच्यांनी आमचे पाणी अडवले, असे मी लहानपणापासून ऐकत आले होते. वर म्हणजे हे घर, हे मला कुणी सांगितले नव्हते.

घरी

धरण जवळून पाहण्याचा बेत सोडावा लागला नाही. संध्याकाळी भिंतीजवळ अर्धा तास थांबता आले. रात्रीची गाडी मिळाली आणि मंगळवारी सकाळी जालना आले. बाबा स्टेशनवर नव्हते. ते कामावर गेले होते. मला याचाच सर्वांत जास्त आनंद झाला.

संध्याकाळी त्यांनी विचारले, "दिसलं का पाणी?" मी सगळे सांगितले, पंधराच मिनिटे मिळाली, हेही सांगितले. ते म्हणाले, "पंधरा का व्हईना. येळेवर फिरलात नं?" मग कागद मागून घेतला आणि घडी करून देवाच्या फळीवर ठेवला.

आईला मी कळसूची गोष्ट सांगितली. आई चार घरची धुणीभांडी करते. तिने हातातले काम थांबवून ऐकले. "भांडे घासाय सांगितले म्हून गेली निघून?" असे म्हणून ती खूप हसली. मग म्हणाली, "मंग बाई, एकदा जाऊन बघाय पाह्यजे."

त्यासाठी कागद नव्याने लिहावा लागेल. दुखऱ्या पायाच्या माणसाला साडेतीन तासांत चढता येणार नाही. पाच तास धरले, तर निघणे उजाडण्याबरोबर हवे आणि मुक्काम आदल्या रात्री बारीतच. पायथ्याजवळही देवीचे एक देऊळ आहे. तेवढेच झेपले तर तेवढेच. परत फिरण्याची वेळ मात्र मी सर्वांत आधी लिहिली आहे.

— द्वितीय वर्ष, कला (भूगोल)